एकतीस तारखेचं शिंगरू

मी, खाली सही करणारा, दोरखंडांचा व्यापारी आणि रेसच्या घोड्यांची पैदास करणारा, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्या धाकाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितो. आधीची सगळी रद्द समजावीत. काळीज कुरकुरतं, अक्कल नाही. घाई यासाठी की पलीकडच्या ठाणात ठिणगी घोडी कळा देते आहे आणि आज वर्षाचा शेवटचा दिवस आहे.

एक. राहतं घर पत्नीला. गवताचा वास नसलेली उशी तिला आता तरी मिळो.

दोन. दोरखंडांचा कारखाना थोरल्या मुलीला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण तिच्यावरूनच निघाली असावी.

तीन. ज्या दलालाने वय सांगणारे दात कानसून म्हातारा घोडा तरणा म्हणून माझ्या गळ्यात मारला, त्याला माझ्या तिरडीजवळ फिरकू देऊ नये. तो घोडा भर शर्यतीत कोसळला, वरचा जॉकी जन्माचा लंगडा झाला. पागेशेजारची खोली जॉकी हयात असेतो त्याची.

चार. पागा आणि जनावरं धाकट्या मुलाला. अट एक.

शर्यतीच्या कायद्याने प्रत्येक शिंगराचं वय एक जानेवारीला वर्षाने वाढतं. घोडी अकरा महिने गाभण राहते, म्हणून ती नराला दाखवायची ती जानेवारीनंतर विईल असा हिशेब करून. मी इस्पितळात होतो, धाकट्याने ठिणगी आधीच दाखवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आज जन्मलेलं शिंगरू उद्या वर्षाचं ठरेल आणि कायम आपल्याहून थोराडांशी धावेल. म्हणजे हरेलच.

मघाशी तो दारात येऊन म्हणाला, "बाबा, उद्याची तारीख टाकू. कोणाला कळतंय?"

"खोट्या वयाचं काय होतं, ते जॉकीला विचार."

"अहो, एका दिवसाचा तर फरक! सहा पिढ्यांचं रक्त फुकट जाईल."

"दलालही असंच म्हणाला होता, थोडासाच फरक आहे शेठ."

तो पाय आपटत गेला. तर अट अशी: शिंगरू खऱ्या तारखेनेच नोंदवावं, नाहीतर पागा थोरलीला. ती घोडे विकून दोर वळेल, हे त्याला ठाऊक आहे.

इथवर लिहिलं आणि हाक आली, "बाबा, मागचे पाय आधी आलेत!"

भिंत धरत गेलो. आपल्याच कारखान्यातला सुती दोर शिंगराच्या पायांना बांधून घोड्यांचे डॉक्टर आणि धाकटा ओढत होते. ठिणगी डोळे पांढरे करत होती. शिंगरू बाहेर पडलं ते ओल्या पोत्यासारखं. श्वास नाही. डॉक्टरांनी मान हलवली. धाकट्याने शिंगराच्या एका नाकपुडीला तोंड लावलं, दुसरी दाबली आणि फुंकत राहिला. "ऊठ गं बये, ऊठ!" शेवटी शिंक आली, ती थेट त्याच्या तोंडावर.

तोंड पुसून तो म्हणाला, "लिहा बाबा. आजचीच."

"आणि सहा पिढ्या?"

"धावू नका म्हणावं. नाव मात्र मी ठेवणार."

"काय?"

"एकतीस. म्हणजे पुढे मलाच मोह व्हायला नको."

पाच. एकतीस नावाची घोडी धाकट्याची. तिला शर्यतीत उतरवू नये.

सहा. कलम चारमधली अट मी आडवी रेघ मारून खोडली आहे. रेघेशेजारची सही माझीच.

साक्षीदार: घोड्यांचे डॉक्टर (हात ओले असल्याने शाई पसरली आहे), कारखान्याचे कारकून.

ठिकाण: ठिणगीचं ठाण, दाराबाहेर. दिनांक एकतीस डिसेंबर, ऊन अजून भिंतीवर आहे.