कास्परमामाचं नातं

चि. डिर्की,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत, बोट बुडाली नसेल तर तूही बरा असशील. पत्र आणणाऱ्याला आधी बसायला सांग.

उन्हाळ्यात रक्त घ्यायला नर्सबाई आल्या, तेव्हा तू समुद्रावर अडकलास (तपासणी आली की नेमका अडकतोस). आईचं आतडं ज्या रोगानं खाल्लं तो रक्तातून उतरतो, म्हणून फुकट तपासणी नात्यातल्यांचीच. "तुम्ही कुणाचे कोण?" हा पहिला प्रश्न, आणि तिथेच कास्परमामाचं घोडं अडलं. (मामा म्हणायची आपल्याला कुठे मुभा होती! आपली आई त्याच्या बापाची मुलगी, हे त्या चर्चच्या पहिल्या बाकावरच्या घराण्यानं जन्मभर नाकारलं.) आता शौचातून रक्त जायला लागलं, तशी स्वारी रांगेत. म्हणे, शेजारी! नर्सबाई म्हणाल्या, "कास्परकाका, हा रोग शेजाऱ्यांना वाटत नाहीत." मी मुद्दाम गप्प बसले. शेवटी तो सगळ्या गावादेखत ओरडला, "सोफी माझी बहीण होती! झालं समाधान?" मला हसायचं होतं, पण रडूच आलं. हे आईला ऐकायला मिळालं नाही, याचा राग मी सोडणार नाही.

परवा निकाल घेऊन, आतड्यात नळी घालून बघणारं पथक आलं. आदल्या दिवशी सगळे माझ्या अंगणात रेचक पीत बसलेले, संडास एकच. मामानं लपून मेंढीचं डोकं खाल्लं (मिशीनं चुगली केली), म्हणून त्याला पुन्हा सगळं पाजलं. आणि निघालं काय? मूळव्याध! रक्तही स्वच्छ. बापानं तो दोष ह्याला दिलाच नाही, आईला मात्र दिला. त्या घरातून तिच्या वाट्याला आलं ते एवढंच. मी म्हटलं, आता नातं परत घ्या. तर आतून आवाज आला, "आता कसं घेऊ? तुझ्याच संडासात बसलोय ना!"

तुझी,
मग्रीताताई

ता.क. दोष माझ्यात आहे. नर्सबाई सांगतात, तो एकाच्या अंगात लवकर बोलतो, दुसऱ्याच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प राहतो. माझ्यात बोलायला लागला होता. गाठ तिथल्या तिथे काढली. रडू नकोस. मी मरणार नाही, दरवर्षी त्याच्या नाकावर टिच्चून नळी घालून घेईन.

ता.ता.क. पथक उद्या तुमच्या बंदरावर येतंय. तुझं नाव दिलंय. 'कुणाचा कोण' हे सांगायला तुझा मामा तुझ्यासमोरच बसलाय, आणि एव्हाना त्यानं दाराला आतून कडी घातली असेल. रेचक त्याच्या खिशात आहे. मुकाट्यानं पी. मला एकच भाऊ आहे.