अरुंद वाट

५ नोव्हेंबर
आलो एकदाचा! गावाने समिती नेमून पाहुण्यांना गुहा दाखवायचं काम सुरू केलंय, आणि त्याचा व्यवस्थापक मी. माडीवरची खोली मिळाली; खिडकीतून गुहेचं तोंड दिसतं. पाहुण्यांचं जेवणखाण बघणाऱ्या मावशींनी येताक्षणीच पानावर बसवलं. समितीचे अध्यक्ष धंद्याने शिंपी, सगळे त्यांना शिंपीकाकाच म्हणतात. त्यांनी हौसेने गुहा दाखवली. आधी एक अरुंद वाट, अंग तिरकं करून जायची. मग एकदम सभागृहाएवढं दालन, छताला पांढरीशुभ्र दगडी झुंबरं. बायकोला लगेच फोन केला, सुट्टी काढून ये म्हणून.

११ नोव्हेंबर
अरुंद वाटेत आज सदऱ्याची बटणं तुटली. परवापर्यंत आरामात जात होतो. शिंपीकाका हसले, मावशींच्या हातचं अंगी लागलंय म्हणाले. वर ऐकवलं, कापड आटतं, दगड आटत नाही.

१४ नोव्हेंबर
एका पाहुण्याला ओढून काढावं लागलं. पाठ सोलली बिचाऱ्याची. घशाला कोरड पडेपर्यंत समितीला सांगितलं, गुहा बंद ठेवा. त्यांनी चहा मागवला आणि ठरवलं काय, तर वाटेत गादी लावायची. गादी! कपाळावर हात मारून घेतला.

१७ नोव्हेंबर
गादी दगडात अर्धी रुतली आहे. ओढली, तर तिकडूनही कुणी ओढल्यासारखं झालं. कुणाला सांगू? समितीला सांगितलं, तर मला चार दिवस घरी जाऊन ये म्हणाले. चिडून गुहेच्या फाटकाला कुलूप लावलं.

१८ नोव्हेंबर
कुलूप समितीवाल्यांनीच काढलं. मी समितीत भांडत होतो, आणि बायको न कळवता आली. मावशींनी कौतुकाने तिला गुहा बघायला पाठवलं. धावलो. श्वास सोडून, कातडी सोलत आत —

रोजनिशी खिशात होती, म्हणून आतूनच लिहितोय. ती सापडली. धड आहे. रागावलीय, आधी का नाही सांगितलंस म्हणून. मागे वळलो तर वाट नाही, हात जाईल एवढी फट. पलीकडे शिंपीकाका रडतायत, पहारी आणा म्हणून ओरडतायत. आता पटलं का, असं मीही ओरडलो. काय उपयोग —

फट मिटली. पहारींचा आवाज येत नाही.

ती म्हणते, झुंबरं खाली आलीत. मी म्हटलं, भास आहे तुझा. दोघं बसूनच — उभं राहता येत नाही.

भिंत पाठीला लागली. उबदार आहे. ओलसर. आणि आवंढा गिळल्यासारखी ती भिंत —