कडेवरचं वजन

रविवार, २
पोचले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक कुकर आणि दादाने बळेच घ्यायला लावलेला नवा फोन. खोली छोटी आहे, कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, पण उजेड भरपूर. किल्ली देताना घरमालकीणबाईंनी विचारलं, आणखी कोण कोण येणार? मी म्हटलं, एकटा जीव सदाशिव. त्यांनी असा चेहरा केला, की जणू मी कुणाला तरी वाटेत विसरून आलेय.

दादाचं फोनवर तेच पालुपद. त्रेचाळिसाव्या वर्षी कसली गं नोकरी, आमच्याकडेच राहायचं. राहिलेही असते, पण त्याच्या घरात मी कायमची पाहुणी. अकरा वर्षं आईला उठवता-बसवता माझ्या पाठीची कमान झाली. सात महिन्यांपूर्वी आई गेली, कमान राहिली. आणि आता त्या कमानीच्याच जोरावर ही नोकरी मिळालीय. कपडे घालायची नोकरी! आजवर फुकटच घालत होते की.

सोमवार, ३
आमचा कारखाना पाठदुखीवाल्यांसाठी जाकिटं बनवतो. सगळे त्याला बंडीच म्हणतात. आतून बारीक धागे असतात. आपण वाकलो की ते आवळतात, ताठ झालो की सैल पडतात. फोनवर माणसाची आकृती दिसते. नीट उभं असलं तर हिरवी, नाहीतर लाल. आम्ही सहाजणींनी बंडी दिवसभर अंगावर ठेवायची, घरीही, आणि काय वाटलं ते लिहून द्यायचं.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाई इतक्या सडपातळ आणि ताठ, की मी मनात त्यांचं नाव टाचणी ठेवून टाकलं. त्या म्हणाल्या, बंडी आधी तीन दिवस नुसतं आपलं अंग शिकते, मग सुधारते. नवी शिल्लक नव्हती, म्हणून मला नोकरी सोडून गेलेल्या कुणा बाईची मिळाली. तिचं शिकलेलं आधी पुसायला नको का, असं मी विचारलं. पुसायला मुख्य कार्यालयात पाठवावी लागते, आठवडा जातो, घाला तशीच, आपोआप विसरेल. शेवटी बाईचं अंग ते बाईचं अंग, फरक तो काय असणार, म्हणाल्या.

बुधवार, ५
आज कॅन्टीनमध्ये बंडी पहिल्यांदा पाठीभोवती नीट आवळली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी पाचजणींसमोर! डोळ्यात कचरा गेला म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर आई गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही. परवा टाचणीबाईंनी पट्टे बांधले तेवढाच. माणसाला याचीही भूक लागते हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवार, ८
तीन दिवस उलटून गेले, पण बंडीचं डोकं फिरलंय. मी ताठ उभी राहिले की आकृती लाल. डावी कंबर बाहेर काढली, डावा हात कोपरात वाकवला, की हिरवीगार. जेवताना सगळ्या हसल्या, कडेवर पोर घेतलंयस का गं, म्हणाल्या. मीही हसले. मग हसू थांबलं, कारण खरंच तसंच वाटत होतं. डाव्या कमरेवर खाली ओढणारं वजन, आणि खांद्यावर टेकलेलं, नारळाएवढं काहीतरी ऊबदार.

त्या आधीच्या बाईचं मूल असणार. बंडी तिला शिकली आणि आता मला शिकवतेय. टाचणीबाई म्हणाल्या, कारखान्यात मुलं आणायला परवानगीच नाही, तुमचा भास असेल.

गुरुवार, १३
तक्रार लिहून द्यायला हवी होती. दिली नाही.

सावकाश चालते, खांद्यावरच्या डोक्याला हिसका बसू नये म्हणून. चहा उजव्या हाताने ओतते. आज जिना चढताना तोंडातून निघून गेलं, झालं हं, आलंच घर. घरमालकीणबाई वळून बघत राहिल्या. बघेनात का! या आठवड्यात मला एकदाही एकटं वाटलेलं नाही. मी सुखात आहे.

मंगळवार, १८
वजन वाढतंय. आकृतीखाली परवा भार दहा किलो लिहून आला होता, आज अकरा. कारखान्यातल्या काट्यावर उभी राहिले. चोपन्न. माझी नेहमीचीच चोपन्न.

मानेमागे चार बारीक वळ आहेत, ओळीने. बोटांनी घट्ट धरल्यावर उठतात तसे. धाग्यांनीच उठले असतील. तरी भ्याले. बंडी परत केली. मानवत नाही म्हणाले. टाचणीबाईंनी काही न विचारता कपाटात टाकून कुलूप लावलं.

गुरुवार, २०
बंडी कपाटात. मी साध्या सुती कपड्यात. वजन आहे तिथेच.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आरशासमोर ताठ उभं राहून पाहिलं. ती बाई मला परकी वाटली. वाकडी झाले तेव्हा ओळख पटली.

आणि मानेला श्वास लागतो. बंडीत तर नुसते धागे होते.

शुक्रवार, २१
आधीच्या बाईचा पत्ता काढून तिच्याकडे गेले. दार उघडलं तिने. डावी कंबर बाहेर, डावा हात वाकलेला. हातात काहीच नाही.

तुमचं मूल कसं आहे, विचारलं. म्हणाली, मला मूल नाही, कधीच नव्हतं. तिलाही बंडी कुणाचीतरी वापरलेलीच मिळाली होती. नोकरी सोडली तरी ते तिच्याजवळ राहिलं. मग तीन तारखेला, सोमवारी, अचानक कड रिकामी झाली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

हे सगळं ती माझ्या कमरेकडे बघत सांगत होती. झोपतं का नीट, असं तिने विचारलं. मग म्हणाली, द्या मला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले. पाठ होती. हाताला लागली.

शनिवार, २२
ती माझ्या मागोमाग आली असावी. सकाळपासून खाली रस्त्यावर उभी आहे.

ते जागं झालंय. खांद्यावरून डोकं उचललं. आजवर कधी उचललं नव्हतं — खिडकीकडे वळलं — ओळखतं तिला.

माझ्याकडे एकदा तरी बघ रे —

रविवार, २३
दुपार. ती अजून तिथेच. तिला हाकलायला गॅलरीत आले, तर तिने हात पसरले. ये, ये म्हणाली. तीन मजल्यांखालून.

झेपावतंय. सगळं अंग कठड्याबाहेर टाकून.

मागे सरकता येत नाही. वही कठड्यावरच —

सोडलं तर मी वाचेन. कळतंय मला. पण खाली फरशी आहे, तिचे रिकामे हात काय झेलणार — पडेल ते — आणि मग मी पुन्हा त्या खोलीत, एकटी —

नाही सोडणार.

टाचा उचलल्या गेल्या. डाव्या हातातून निसटतंय, एका हाताने नाही धरवत, पेन टाकून दोन्ही हातांनी —