कोपऱ्यातून सांगितलेले पाच शब्द

मी, एमलिन प्रॉदरो, वय वर्षे ७४, पूर्वीचा धंदा कोळशाच्या खाणीत, जोडीला बॉक्सिंग, आणि स्वतः ठोसे खाण्याचे बळ संपल्यावर दुसऱ्या बॉक्सरांच्या कोपऱ्यात उभे राहून दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यांच्या जखमा सांभाळणे आणि कानात डाव सांगणे. राहणार ११, बेथेल ओळ, कुमवेर्न, दक्षिण वेल्स. आज स्वखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय आणि थेंबभरही बिअर न घेता हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

अशा कागदात 'माझी बुद्धी शाबूत आहे' असे लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही, कारण तेवढ्या एका वाक्याने एक माणूस तुरुंगात मेला आहे. माझी बुद्धी कितपत शाबूत आहे ते साक्षीदारांनी तपासावे. डॉ. येस्टिन प्यू यांनी आज सकाळी दहा वाजता मला पाच शब्द ऐकवले, कागदावर लिहून पाकिटात बंद केले आणि पाकीट खिशात ठेवले. शेवटच्या कलमानंतर मी ते शब्द आठवून लिहीन. मला कोणीही काही सांगायचे नाही. हे खास दुसऱ्या साक्षीदारासाठी, म्हणजे विंडहॅम रॉसरसाठी. तो तीस वर्षे माझ्या शेजारी बादली धरून उभा होता आणि त्याच्या तोंडाला कुलूप नाही.

१. घर. हे घर सामानासकट माझी भाची नेरिस हिला मिळावे. माझी धाकटी बहीण ग्लेनिस हिची ती एकुलती एक मुलगी. मला बायको होती. मी दोनदा हात उचलल्यावर ती १९७९ साली निघून गेली आणि तिने बरे केले. मूल नाही, त्यामुळे हक्क सांगायला दुसरे कोणी येणार नाही.

पुढच्या दाराच्या चौकटीला एक खोक पडली आहे. नेरिसने हे सगळे वाचून होईपर्यंत ती बुजवू नये. गेल्या महिन्यात रविवारी ती मटणाच्या रश्शाचे पातेले घेऊन आली. मी दार उघडले तर समोर एक परकी बाई घरात शिरू पाहत होती. मी उजवा सोडला. माझा उजवा आता उशिरा येतो आणि पोरीने मान वेळेवर बाजूला घेतली, म्हणून ठोसा चौकटीवर बसला. माझी दोन बोटे मोडली, रस्सा पायरीवर सांडला. "काय रे मामा," ती म्हणाली, "जेवायच्या आधीच पहिली फेरी?" ती हसत होती, पण पातेले उचलताना तिने माझ्याकडे पाठ केली नाही. येत्या सोमवारपासून मी वृद्धाश्रमात जात आहे. गुडघ्यांसाठी जातो, असे तिला सांगितले आहे. ते खोटे आहे.

२. बँकेतील शिल्लक. तीही नेरिसला. कुमवेर्नच्या बॉक्सिंग जिमला एक पैसाही देऊ नये. जिमच्या भिंतीवर काचेत लावलेला एक छापील कागद आहे. तो काय आहे ते कलम ४ मध्ये येईल. तो काढायला लावणे ही नेरिसची, या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून, पहिली जबाबदारी राहील. ऐकले नाही तर काच फोडावी. हातोडा जिन्याखाली आहे.

३. अवजारे. कापसाच्या काड्या, रक्त थांबवायचे औषध, सूज दाबायची लोखंडी पट्टी आणि पत्र्याची बादली. यातली बादली हेडन बेनन याला पोचवावी. तो ८८ वर्षांचा आहे, समुद्रकाठच्या आश्रमात राहतो आणि अजून स्वतःला सामने जुळवणारा म्हणवतो. बादलीत चिंधीत बांधलेली एक दाढ आहे. ती ट्रेफरची आहे.

ट्रेफर बाऊएन म्हणजे ग्लेनिसचा नवरा, नेरिसचा बाप, माझा जिवलग आणि मी कोपरा सांभाळलेला सगळ्यात चांगला बॉक्सर. १९७६ साली तो एका सामन्यात चार मिनिटे बेशुद्ध पडला होता. हेडनने एकोणीस दिवसांत त्याला गोदीतल्या एका दांडग्याविरुद्ध उभा केला. नवव्या फेरीनंतर त्याची पापणी फाटून लोंबत होती. ती मी अंगठ्याने दाबून धरली. त्याच्या तोंडातून दाढ बादलीत पडली आणि त्याने मला चार वेळा विचारले, "कितवी फेरी रे?" मी हेडनला म्हणालो, "बास. टॉवेल टाकून हार मानतो." हेडन म्हणाला, "उभा आहे ना तो? मग सोड त्याला रिंगणात." सामना संपल्यावर मी हेडनचे दोन दात पाडले. अजून चार पाडायला हवे होते. पण दहाव्या फेरीला ट्रेफरच्या पाठीवर थाप मारून त्याला पुढे लोटणारा हात माझा होता, आणि ते हेडनच्या माथी मारता येणार नाही.

४. निळ्या पुठ्ठ्याची वही. ही डॉ. मेरेरिड वॉन यांना द्यावी, हातात, टपालाने नव्हे.

डोक्यावर ठोसे खाल्लेल्या माणसांना विसरण्याचा रोग किती जास्त होतो, आणि एका गोळीने तो थांबतो का, हे त्या डॉक्टरीणबाई २००४ पासून तपासत होत्या. आमच्या खोऱ्यातल्या तेवीस म्हाताऱ्या बॉक्सरांना गोळी मिळायची, पलीकडच्या खोऱ्यातल्या तेवीस जणांना नाही. दर ऑक्टोबरला घरोघरी जाऊन परीक्षा घ्यायची: घड्याळाचे चित्र काढा, आजचा वार सांगा, पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने म्हणून दाखवा. पलीकडे एक कडक नर्स जायची. आमच्याकडे नर्सला कोणी दार उघडेना, म्हणून बाईंनी मला नेमले. महिनाभर शिकवले, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: "एमलिन, मदत करायची नाही. अजिबात नाही."

मी मान डोलावली. पण ज्या माणसाला मी वीस वर्षे दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसवून कानात सांगत आलो, तो अडकला की तसाच माझ्याकडे बघायचा. गप्प बसणे मला जमले नाही. कोणाला पहिले अक्षर सांगितले, कोणाला खूण केली. तेवीसच्या तेवीस जणांना. नऊ वर्षे आमच्या खोऱ्यातला रोग जागच्या जागी थांबला आणि पलीकडच्यांचा वाढत गेला. बाईंनी ते छापले. गोळी रोग धरून ठेवते, असे ठरले. तोच कागद जिमच्या भिंतीवर आहे. तो दाखवून बेशुद्ध पडलेल्यांना आठवड्यात पुन्हा रिंगणात उतरवतात, 'पुढे गोळी आहेच' म्हणतात.

ट्रेफरची शेवटची परीक्षा ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. शब्द होते शिडी, लोणी, गरुड, चाक, जांभळा. 'शिडी' त्याने स्वतः सांगितला. मग माझ्याकडे पाहिले. मी पावावर सुरी फिरवल्यासारखा हात फिरवला. "लोणी," तो म्हणाला. बाकीचे तीनही मी असेच काढून घेतले. ग्लेनिस मोरीपाशी भांडी घासत होती.

"एमलिन, तू त्याला सांगतोयस."

"मी नुसता हात हलवला गं."

"जन्मभर तेच केलंस. आज मला खरं सांग. परवा तो मला म्हणाला, कोण तुम्ही बाई, माझ्या घरात काय करताय. मला भीती वाटते रे. मी नेरिसकडे राहायला जाऊ का?"

"पाचपैकी पाच आहेत त्याला," मी म्हणालो. "ठणठणीत आहे तो. उगाच घर सोडून कुठे जातेस?"

ती गेली नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी त्याने तिला स्वयंपाकघरात मारले. तीन ठोसे. डावा बरगडीत, डावाच जबड्यावर, उजवा कानाखाली. तो क्रम मी त्याला शिकवला होता, तो सतरा वर्षांचा असताना. तिच्या तीन बरगड्या मोडल्या, जबडा दोन ठिकाणी तुटला आणि डोके चुलीच्या लोखंडी कडेवर आपटले. सहा दिवसांनी ती गेली. पोलीस आले तेव्हा ट्रेफर दोन कप चहा ओतून बसला होता. "चोर शिरला होता," त्याने सांगितले. "बायको येईल एवढ्यात. तिला ते रक्त दिसू देऊ नका."

कोर्टात सरकारी वकिलाने ट्रेफरच्या परीक्षेचा मी भरलेला कागद वर धरला. अक्षर तुमचेच का? होय. उत्तरे त्याने स्वतः दिली? होय. मी शपथेवर खोटे बोललो. घाबरून बोललो असतो तर निदान क्षमेला जागा होती. मी रागाने बोललो. माझ्या बहिणीचा चेहरा मी ओळखू शकलो नव्हतो, आणि मला तो माणूस सडायला हवा होता. डोके ठिकाणावर नाही असे ठरले असते तर त्याला इस्पितळ मिळाले असते. पाचपैकी पाच म्हणून जन्मठेप मिळाली.

मी एकदाच तुरुंगात गेलो, त्याला घाबरलेला बघायला. तो टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "ग्लेनिस येत नाही रे. रुसलीय का माझ्यावर?" माझी मूठ वळलेली होती. ती वळलेलीच राहिली. मी घरी आलो आणि तरीही दोन वर्षे तोंड उघडले नाही. मग त्याने जेवणाच्या रांगेत एका कैद्याला चोर समजून मारले, आणि त्या कैद्याने मोज्यात माशांचा बंद पत्र्याचा डबा घालून त्याचे डोके फोडले. तो त्यातच मेला; जखम दाबून धरायला त्याच्या कोपऱ्यात कोणी नव्हते.

आता वहीबद्दल. सामन्यात पंच गुण देतात, पण कोपऱ्यातला माणूस आपला हिशेब वेगळा मांडतो, कारण आपला गडी खरोखर कुठे आहे हे त्याला कळावे लागते. ती खोड मला अभ्यासातही सुटली नाही. तेवीस जणांचे, नऊ वर्षांचे खरे गुण, मदतीविना किती आले असते ते, निळ्या वहीत तारखेसह आहेत. ट्रेफर, ऑक्टोबर २०१३: पाचपैकी एक. डॉक्टरीणबाई, तुमची पंधरा वर्षांची मेहनत यात बुडेल. तुम्ही मला विश्वासाने पाठवले होते. या वहीवरून सगळे पुन्हा मांडा आणि पुन्हा छापा. माझे नाव घालून छापा.

५. मेंदू. माझा मेंदू डॉ. मेरेरिड यांच्या विद्यापीठाला द्यावा. संमतीचा कागद वेगळा सही करून दिला आहे. मी एकेचाळीस सामने लढलो आहे. तो कापून बघताना कोणाला खुणा करता येणार नाहीत, म्हणून तेवढाच एक निकाल खरा येईल.

६. कपाटातला पुठ्ठ्याचा डबा. यात ट्रेफरची राख आहे. तुरुंगातून कोणी नेत नव्हते, मी आणली. नेरिस, हे तुला माहीत नाही. तू त्याचे आडनाव टाकलेस, त्याचे फोटो परसात जाळलेस, आणि मी शेजारी उभा राहून तुला काडेपेटी दिली. तुझ्या बापाने तुझ्या आईला मारले, हे खरे आहे. पण ज्याने मारले त्याला ती कोण हे ठाऊक नव्हते, आणि ज्याला हे सगळे ठाऊक होते त्याने तिला त्या घरात थांबवले. तो मी. शिव्या द्यायच्या तर मला दे. त्या रविवारी तुझ्या दिशेने ठोसा टाकल्यावर मला कळले की त्याला त्या सकाळी काय दिसले असेल. पाच वर्षे लागली मला, आणि तुझा चेहरा लागला.

डबा तुझ्या आईच्या कबरीत ठेवावा, अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही. माझे उरलेले शरीर कुठेही पुरा, त्या दोघांजवळ नको.

हे शेवटचे कलम. आता सकाळचे पाच शब्द, कोणाच्याही मदतीशिवाय:

घोडा, कात्री, बर्फ, लोणी, शिडी.

सगळे आले असे वाटते. चूक असेल तर सुधारू नये. जे गुण येतील तेच लिहावेत.

(सही) एमलिन प्रॉदरो

साक्षीदारांचे निवेदन: वरील सही आम्हा दोघांसमोर झाली आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळत नाही. मालमत्ता कोणती, ती कोणाला जाते आणि या लिखाणाचा परिणाम काय, हे त्यांना पूर्ण कळत होते, असे मी डॉक्टर म्हणून नमूद करतो.

तिसऱ्या शब्दानंतर ते बराच वेळ थांबले. तेव्हा विंडहॅम रॉसर यांचे ओठ हलू लागले. "तोंड भिंतीकडे कर, विंडी," असे एमलिन यांनी सांगितले, आणि एमलिन सही करायला लागेपर्यंत रॉसर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पाकीट दोघांसमोर उघडले. आतले शब्द: घोडा, कात्री, बर्फ, पूल, मीठ. लोणी आणि शिडी हे शब्द आज दिलेले नव्हते.

पाचपैकी तीन. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तसेच लिहिले आहे.

(सही) डॉ. येस्टिन प्यू
(सही) विंडहॅम रॉसर

कुमवेर्न, गुरुवार, १४ मार्च २०१९