हरकत नसल्यास मंजूर

३ मार्च
या जगात अन्याय पुष्कळ आहे, आणि त्यातला बराचसा 'इतर' नावाच्या पॅकेजमध्ये कोंबलेला आहे.

मीटरचे फूट आणि किलोचे पौंड करून देणारी आमची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमांना जोडायचा तयार साठा. कोणीही फुकट वापरावी, कोणीही सुधारावी, पगार कोणालाच नाही. तिचा कोड चौदा पॅकेजांत, म्हणजे चौदा डब्यांत, भरलेला आहे. तेरा डब्यांना धड नावं आहेत. चौदाव्यावर लिहिलंय 'इतर'. तापमान 'इतर'मध्ये, वाऱ्याचा वेगही 'इतर'मध्ये. वैशेषिक तत्त्वज्ञांनी सगळं विश्व सात पदार्थांत बसवलं. आठवा पदार्थ 'इतर' असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

संकल्प : या महिन्यात 'इतर' बरखास्त. सगळ्या पॅकेजांना एका वळणाची नावं.

४ मार्च, दुपार
ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत प्रस्ताव मेलिंग लिस्टवर टाकला. आमचा नियम साधा आहे : तीन दिवसांत सकारण हरकत आली नाही तर मंजूर.

हरकत येणारच. हेडमास्तर आहेत ना. लायब्ररीचे मूळ कर्ते. 'हेडमास्तर' हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. लिस्टवर ते सहीच्या जागी नुसतं 'के' लिहितात. उत्तर ठरलेलं. 'नाही. कारणं खाली.' मग खाली क्रमांक घातलेली कारणं, सातापेक्षा कमी कधीच नाहीत. त्यांचं लाडकं कारण असं : नाव वाईट असलं तरी लोकांना पत्ता पाठ आहे. तुम्ही पाटी बदललीत की उद्या सकाळी हजारो प्रोग्रॅम जुन्या दारात उभे, आणि आत कोणी नाही.

अकरा वर्षं माझं एकही नामांतर या गृहस्थांनी होऊ दिलेलं नाही. यंदा उत्तरपक्ष तयार आहे. नमवणार.

५ मार्च
उत्तर आलं. 'नाही.'

एवढंच. खाली स्क्रोल करून पाहिलं. काही नाही. पुन्हा पाहिलं.

अर्थ उघड आहे : कारणं संपली. प्रतिपक्ष निरुत्तर. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं नसेल त्यांना." मी तिला वादशास्त्र समजावू लागलो. ती म्हणाली, "ताप आला की तुम्हीही एका शब्दात बोलता. मला आवडतात ते दिवस."

हरकतीला कारण हवंच, हा नियम हेडमास्तरांचाच. लिस्टवर अत्यंत सभ्यपणे विचारलं : 'कारणं?'

८ मार्च
मुदत काल संपली; नियमानं प्रस्ताव मंजूर, पण प्रतिपक्षाची कारणं ऐकल्याशिवाय तसं जाहीर करणं मला शोभत नाही. आज महिन्याची ऑनलाइन बैठक. हेडमास्तर आले नाहीत. एरवी ते सगळ्यांच्या आधी येऊन खोकत बसलेले असतात.

माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमचं तर त्यांच्याशी चांगलं आहे ना? रोज भांडता. जरा विचारा की काय झालं." मी म्हणालो, अर्थातच, विचारतो. खाजगी मेल टाकला. मजकुरात काळजी दिसू दिली नाही, नाहीतर डोक्यावर बसतील. 'नव्या आवृत्तीवर तुमच्याशिवाय सही होत नाही, कृपया कळवणे,' एवढंच.

१० मार्च
उत्तर नाही. डावपेच. गप्प बसून मला थकवण्याचा बेत दिसतो. मी थकत नसतो.

दिवसातून सहा वेळा मेल पाहिला, तोही ऑफिसच्या इतर मेलांसाठी. (तिथंही 'इतर'!)

संकल्प : सकाळचा चहा झाल्याशिवाय मेल उघडायचा नाही.

११ मार्च
चहाच्या आधी मेल उघडला. पण त्याला कारण आहे. रोज सकाळी हेडमास्तरांच्या घरचं एक जुनं यंत्र आमच्या सगळ्या कोडची तपासणी करतं आणि लिस्टला आपोआप कळवतं : 'सर्व चाचण्या पास.' आजही आलं. आता, ज्या घरात यंत्र चालतं त्या घरात वीज आहे. वीज आहे म्हणजे बिल भरलंय. बिल भरलंय म्हणजे भरणारा आहे. धुरावरून अग्नी ओळखावा तितकं पक्कं अनुमान.

मन शांत झालं. चहा गार झाला होता.

१५ मार्च
'सर्व चाचण्या पास.' बायको म्हणते, रोज सकाळी हे वाचून मी मोठ्यानं श्वास सोडतो. तो योगाभ्यास आहे असं तिला सांगितलं.

१८ मार्च
आज यंत्राचा मेल आला नाही.

लाइट गेली असेल. नेट बंद असेल. जुनं यंत्र, कधीतरी बसायचंच. सगळा पसारा एका माणसाच्या घरातल्या डबड्यावर चालवू नये, हे मी कितीदा सांगितलंय.

ऑफिसात माझ्याच दोन चुका निघाल्या. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? ठीक आहे म्हणालो. घरी ठीकच आहे.

१९ मार्च
आजही नाही. धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही असं सिद्ध होत नाही. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक आहे. तरी चहाच्या आधी तीनदा मेल उघडला.

२० मार्च, सकाळ
युक्ती सुचली. जुना प्रस्ताव मागे घेतला, नवा टाकला : 'इतर' तर जाईलच, पण 'मूळ' या पॅकेजचंही नाव बदलावं. 'मूळ' हे हेडमास्तरांनी स्वतः, सगळ्यात आधी लिहिलेलं पॅकेज. त्याच्या नावाला आजवर कोणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही. हे वाचून ते ताडकन उठून बसलेच पाहिजेत. वीसेक कारणं तरी येतील. येऊ देत.

बाईंनी वेगळा मेल केला : "अहो, 'मूळ'ला हात? त्यांना काय वाटेल?" लिहिलं, वाटलं तर कळवतील. तिघाचौघांनी लगेच मान्य, छान, असं लिहिलं. इतक्या पटकन मान्य करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

२१ मार्च
काही नाही.

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, सरळ फोन करा ना."
नंबर नाही म्हणालो.
"पत्ता?"
तोही नाही.
"बरं, नाव सांगा, मी शोधते. सापडतात माणसं."
मी मीठ मागितलं. बायकोनं मीठ पुढं केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मीठ भाजीत बरोबर होतं.

२२ मार्च
जुने मेल चाळत बसलो, संदर्भासाठी. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं तेवढं जमा केलं. गुडघा दुखतो. खिडकीत टोमॅटोची रोपं आहेत, त्यांना कोवळं ऊन लागतं. एकदा लिहिलं होतं, 'आज घरात फार शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहितो.' त्याच्याखाली एकोणीस कारणं होती. तेव्हा मी चिडून एकोणीस उत्तरं दिली होती. शांतता का, हे विचारलं नव्हतं. विषय पॅकेजांचा होता.

२३ मार्च, सकाळ
मुदत संपली. हरकत एकही नाही. बाईंचा मेल : "अभिनंदन, मंजूर. नावं बदलायचं बटण तुम्हीच दाबा, मान तुमचा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा जिंकलो. बटण हिरवं आहे. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. बायको दारात येऊन म्हणाली, "दाबा की, एवढा हट्ट होता." मग म्हणाली, "नका दाबू. उठा, चहा घ्या."

संध्याकाळ
माझ्याच प्रस्तावाखाली मी हरकत नोंदवली. 'नाही. कारणं खाली.' सहा कारणं त्यांचीच, झोपेतही म्हणता येतील अशी. सातव्यापाशी थांबलो. सहावर त्यांनी कधी भागवलं नसतं.

बाईंनी विचारलं, "तुमच्याच प्रस्तावाला तुमचीच हरकत? आता हो काय?"

सातवं लिस्टवर लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. मला 'इतर'चं काही पडलेलं नाही. तो माणूस एकटा राहतो असं मला वाटतं, त्याला काहीतरी झालंय असं वाटतं, आणि मी घाबरलोय. कुठल्याही हॉस्पिटलला फोन केला तर पहिला प्रश्न नावाचा येईल. अकरा वर्षं आम्ही नावांवरून भांडलो, आणि त्याचं नाव मला माहीत नाही.