तळ्याची पायरी

पनवेल, २० नोव्हेंबर १९५८

तीर्थस्वरूप दादांस वत्सलाचा नमस्कार.

दिवाळीला येते म्हणून कळवलं आणि आले नाही. तुम्ही दोन दिवस एस.टी.ची वाट पाहिलीत, याचं फार वाईट वाटतं. निघायच्या आदल्या दिवशीच तापाने गाठलं. आता उतरला आहे, काळजी नसावी.

शाळेला सुट्टी होती आणि घरमालकीण माहेरी गेली होती. तीन दिवस मी दार लावून पडून होते. पाणी घ्यायलाही उठवत नव्हतं.

मी रोज तळ्यावर धुणं घेऊन जाते, ते तुम्हाला आवडत नाही. मास्तरणीने त्या बायांत बसू नये, असं तुम्ही लिहिलं होतं. पण पायरीवर मी दिसेना म्हणून हौसाबाई आणि नूरुन्निसा शोधत आल्या, त्यांनी कडी निखळेपर्यंत दार ढकललं.

हौसाबाई म्हणाली, "बाय सांगितल्याबिगर गावाला जायाची नाय, म्हनून आमी आलो."

नूरुन्निसाने डॉक्टर आणला. आठ दिवस दोघींनी आळीपाळीने पेज दिली, माझं धुणंही नेलं.

वहिनींचा खोकला थांबला का? बाळूचं अक्षर सुधारलं का?

बदली मागून तिकडे ये, असं तुम्ही म्हणता. मी फार थकले आहे, दादा, आणि घराची आठवणही येते. तरी अर्ज करणार नाही. मी इथे एकटी असले, तरी दोन दिवस दिसले नाही की दार ठोठावणारी माणसं आहेत; इथेच राहीन.

रागावू नका. वहिनींना नमस्कार, बाळूला पापा.

तुमची धाकटी
वत्सला