ट्विलची कोंबडी कुठे बघते

३ ऑक्टोबर १९८३
डॉक्टर म्हणाले, हाताचा कंप जाणार नाही, वाढेल. कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगता येत नाही. ‘ट्विल न्हावी’ ही न्हाव्याची आणि त्याच्या कोंबडीची वर्तमानपत्रातली चित्रमालिका मी काढते हे कुठे बोलायचं नाही, असा करार आहे. पुन्हा वाचून पाहिला. वहीत लिहायला मनाई नाही!

५ ऑक्टोबर
हॅस्केटसाहेब जाऊन बावीस वर्षं झाली. मालिका मूळची त्यांची. मी त्यांच्याकडे चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं लिहायची. ते गेले तेव्हा सहा आठवडे पुढची चित्रं तयार होती. ती छापून संपेपर्यंत मी त्यांचा हात शिकले. शेवटी त्यांची रेघ थरथरायची. तशीच यावी म्हणून मी कोपर टेबलावरून उचलून काढायला लागले. सही अजून त्यांचीच.
आता कोपर टेकलं तरी रेघ थरथरते. संपादक लुट्झ फोनवर — “मिस ब्रिग्ज, या महिन्यात अगदी हॅस्केट म्हातारबुवाच अवतरलेत!”
आठवड्यात आलेला तेवढाच एक फोन.

१२ ऑक्टोबर
लुट्झना हाताचं सांगून टाकलं. कुणा बाईला शिकायला पाठवतायत. तिला जमलं नाही तर एकतीस डिसेंबरला मालिका बंद.

२० ऑक्टोबर
रोझाली कोवाल. टोलेडोहून गाडी हाकत आली. तिशीची, तोंडात च्युइंगगम. दहा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात. रेघ पट्टीने मारल्यासारखी!
“कोपर वर,” मी म्हटलं.
“बाई, पाटी रंगवताना हात हलला की गिऱ्हाईक शिव्या घालायचं. आणि इथे मुद्दाम हलवू?”
“हलवायचा. आणि तो गम थुंकून या.”

२१ ऑक्टोबर
दोघींपुरती कॉफी किती घालायची ते विसरले होते. सांडली.

१५ नोव्हेंबर
जमत नाही. तिची थरथर खोटी दिसते. वैतागून तिने कपाटातली साहेबांची १९५८ची चित्रं काढून माझ्या चित्रांशेजारी मांडली. एकेका चित्रावर बोट ठेवत गेली.
मग म्हणाली, “त्यांची कोंबडी दाराकडे बघते. तुमची ट्विलकडे बघते. प्रत्येक चित्रात. लहानपणी मी पेपरातून ही तुमचीच कापून ठेवायची. कोणती शिकू?”
बावीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.
मी उठून कप विसळले.

१६ नोव्हेंबर
म्हटलं, “कोपर टेकव. कोंबडीचा डोळा आधी काढ.”

२ डिसेंबर
तिने काढलेली आठवड्याची चित्रं लुट्झना पाठवली होती. फोन आला — “थरथर गेली, पण माणूस तोच! म्हातारबुवा बरे झाले म्हणायचे!”
मालिका चालू राहणार. रोझाली हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मी बाहेर जाऊन पायरीवरचा बर्फ काढला. दोनदा.

९ डिसेंबर
रोझालीला निघताना दिलं: निबं तेरा, शाई अर्धी बाटली, उंच स्टूल, साहेबांच्या सहीचा नमुना. साहेबांची चित्रं ऑफिसला परत. माझी तिला.
मी पोच मागितली. गाडीच्या टपावर कागद ठेवून तिने पाटीच्या ठसठशीत अक्षरांत लिहून दिली:
‘थेल्मा ब्रिग्ज यांच्याकडून एक न्हावी व त्याची कोंबडी मिळाली. — रो. कोवाल.’